भिंतीपासून वीतभर

पावसानं ओढ दिली, नळानं ओढ दिली असं मराठवाड्यात नेहमी कानावर येतं. आवाजानं ओढ दिल्याचं कुणी म्हणत नाही. परभणीत तर आवाजाचं पीक बारमाही. फेब्रुवारी लागला की सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. पाळण्यांची करकर, पिपाण्या, कव्वाली आणि मधूनच ‘पिवळा शर्ट घातलेला मुलगा आमच्याकडे आहे, आईवडिलांनी घेऊन जावं’ अशी घोषणा, हे सगळं वाऱ्यावर बसून शहरभर हिंडतं. त्यामागोमाग लग्नसराई. श्रावणात सप्ते, त्यात पहाटेचा काकडा. भाद्रपदात गणपती आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माडीएवढ्या रचलेल्या पेट्या.

या सगळ्या आवाजांत एक गोष्ट समान असते. लावणारा एक, ऐकणारं गाव. काय लावायचं, किती मोठ्यानं लावायचं आणि कधी बंद करायचं, यांतलं काहीही ऐकणाऱ्याच्या हातात नसतं. त्यामुळं एखाद्यानं ‘मला एकट्याला, टेबलाशी बसून, कॉम्प्युटरवर गाणं ऐकायचंय आणि त्यासाठी बरे स्पीकर घ्यायचेत’ असं म्हटलं की लोक जरा काळजीत पडतात. मोबाइल आहे की! मोबाइलला स्पीकर आहे की! एवढ्यावर ज्याचं भागत नाही, त्याच्यात काहीतरी बिघाड असणार.

तो बिघाड घेऊन मी स्टेशन रोडवरच्या एका दुकानात गेलो.

“बोला सर, कशासाठी पाहिजे? गणपती का बर्थडे?”

“गाणी ऐकायला.”

“ते कळलं. किती माणसांसाठी?”

“एका.”

बायकोपोरं गावाला गेलेल्या माणसाला शेजारी ज्या नजरेनं ‘जेवायला या’ म्हणतात, त्या नजरेनं त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग कमरेएवढा एक खांब पुढं ओढला. “हे घ्या. ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, एफएम, समदं हाय. लाइट लागतेत. माइक फ्री. बेस तर असा हाय, समोरच्या दुकानाचं शटर वाजतं.”

“मला शटर नको वाजायला. सतार वाजायला पाहिजे.”

“सतारीलाबी खालचा आवाज लागतोच की सर.”

हे मात्र खरं होतं. सतारीला खर्जाची तार असते, तबल्याला बायाँ असतो, आणि पखवाजाच्या डाव्या पुडीला तर कणीक लावून तो गंभीर आवाज मुद्दाम घडवलेला असतो. शेजारच्या अंबाजोगाईकडं शंकरबापू आपेगावकरांनी त्या कणकेच्या पुडीतून जे काढलं, ते मोबाइलवर ऐकणं म्हणजे पंगतीत बसून फक्त मीठ चाखून उठणं. खालचा आवाज हवाच. पण दुकानदाराचा ‘बेस’ आणि बापूंचा खर्ज यांत फरक असा, की पहिला सगळ्या गाण्यांत एकसारखा वाजतो आणि दुसरा जिथं असेल तिथंच.

शेवटी त्यानं वरच्या फळीवरून धूळ झटकत दोन साध्या लाकडी पेट्या काढल्या. “हे कुणी घेत न्हाई. लाइटच न्हाई त्याला.” सौदा तिथंच ठरला.

स्पीकरचं खोकं हे वाचण्यासारखं साहित्य आहे. एके काळी टेबलावर मावणाऱ्या, तळहाताएवढ्या स्पीकरांच्या खोक्यावरही ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं ठळक छापलेलं असायचं. आता हिशेब करा. कॉम्प्युटरचं साधं यूएसबी भोक पाच व्होल्टवर अर्धा अँपिअर देतं, म्हणजे अडीच वॅट. जिथं आत अडीच वॅट जातात, तिथून बाहेर हजार निघत असतील तर तो स्पीकर टेबलावर कशाला ठेवायचा? त्याच्यावर शेतातली मोटार चालवावी! हा पीएमपीओ म्हणजे क्षणाच्याही क्षुल्लक भागात, कल्पनेतल्या परिस्थितीत निघू शकणाऱ्या ताकदीचा आकडा. निवडणुकीतलं आश्वासनही त्याहून जमिनीला धरून असतं. खरा आकडा ‘आरएमएस’ नावाच्या बारीक अक्षरांत, खोक्याच्या बुडाशी असतो. तोही फार लागत नाही. साधारण स्पीकर एका वॅटवर, मीटरभर अंतरावर, ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. आपलं नेहमीचं बोलणं साठीच्या घरातलं. म्हणजे टेबलाशी बसलेल्या माणसाला एक वॅटही जड जातो. दहा-वीस खरे वॅट असले की उरलेला जन्म निघतो.

खोक्यावरची बाकीची नावं जास्त प्रामाणिक आहेत. ‘४ ओहम’ लिहिलेलं असतं, तो गेओर्ग ओहम जर्मन. ‘६० ते २०००० हर्ट्झ’ लिहिलेलं असतं, तो हाइन्रिश हर्ट्झही जर्मन. लबाडी करायला तेवढं बिचाऱ्या स्कॉटलंडच्या वॅटचं नाव वापरलं. आता ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही उगाच म्हणत नाही. असं का म्हणतात याची प्रत्येक परभणीकराकडं स्वतःची वेगळी कथा आहे आणि ती सांगताना तो हटत नाही. मी माझी सांगतो, आणि ती आवाजाची आहे.

तबकडीचा ग्रामोफोन काढणारा एमिल बर्लिनर जन्मानं हॅनोवरचा. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं, तेव्हा ती तबकडी छापायला आगबोटीनं पाठवली ती हॅनोवरलाच. आपलं गाणं जर्मनीला जाऊन, कडक होऊन परत आलं. पुढं १९८२ च्या ऑगस्टात सीडी पहिल्यांदा कारखान्यातून बाहेर पडली, तीही हॅनोवरला लागून असलेल्या लांगेनहागेनमध्ये. चुंबकाच्या पोकळीत तारेचं वेटोळं हलवायची जी युक्ती आजही प्रत्येक स्पीकरच्या पोटात आहे, तिचं पेटंट वेर्नर सीमेन्सनं १८७४ मध्ये घेतलं होतं. तिच्यातून घरात चालणारा स्पीकर घडवला तो मात्र १९२५ मध्ये अमेरिकेत राइस आणि केलॉग या जोडीनं. आणि मोबाइलच्या दुकानांवर ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असायची, त्या गाण्यांचं एमपीथ्री हे रूप एरलांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत घडलं. त्या फाइलींना ‘एमपीथ्री’ हे शेपूट लावायचं तिथं ठरलं १४ जुलै १९९५ ला. ओहमचा जन्मही त्याच एरलांगेनचा. म्हणजे तबकडीपासून मेमरी कार्डापर्यंत गाणं घरपोच करायचं बरंचसं काम जर्मनीनं केलं. परभणीकडं एकच काम राहिलं: स्पीकर नीट ठेवायचं.

आणि तेच आपण करत नाही. स्पीकरचं आपल्या घरातलं स्थान काय? एक टीव्हीच्या वर, दुसरा वायर पुरत नाही म्हणून कपाटामागं. किंवा दोन्ही मॉनिटरला दोन्ही बाजूंनी चिकटून, भिंतीला पाठ लावून, मधे स्टेपलर, देवाचा फोटो आणि विजेचं बिल. खालचा आवाज समोर सरळ येत नाही, तो चहूकडं पसरतो. मागची भिंत त्याला परत पाठवते आणि तो पुढच्यात मिसळून फुगतो. कोपऱ्यात ठेवला तर दोन भिंती मिळून तेच करतात. मग बायाँचा ढोल होतो, गाणारा घशाशी आल्यासारखा गातो आणि आपण म्हणतो, स्पीकरच खराब निघाला. त्याच स्पीकरला वीत-दीड वीत पुढं ओढलं की ढोलाचा पुन्हा बायाँ होतो.

दुसरी गोष्ट उंची. स्पीकरमधला तो लहान गोल, वरचे सूर काढणारा, बसल्यावर आपल्या कानाच्या रेषेत पाहिजे. टेबलावर नुसता ठेवला तर तो छातीशी गातो. शिवाय आवाज आधी टेबलावर आपटून मग कानाशी येतो आणि सरळ आलेल्या आवाजात कालवाकालव करतो. बाजारात यासाठी खास घोडे मिळतात. आमच्याकडं कृषी विद्यापीठाच्या जुन्या कृषी दैनंदिन्या होत्या. जाडी भरपूर, पुठ्ठा मजबूत आणि घरात फेकवत नाहीत अशा. उजव्या स्पीकरखाली खरीप, डाव्याखाली रब्बी. पुढच्या कडेखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला की तोंड जरा वर होतं आणि टेबलाचं थरथरणंही थांबतं.

तिसरी गोष्ट मापाची. दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. दोघांमधलं अंतर जेवढं, तेवढंच प्रत्येकापासून आपलं. यासाठी सुतळी पुरते. मी एक टोक स्पीकरला धरून दुसरं नाकाशी आणत होतो, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

“आता कशाचं माप घेताय?”

“माझ्या डोक्याचं.”

“ते मी कधीच घेऊन ठेवलंय,” ती म्हणाली, आणि कप दोन स्पीकरांच्या बरोबर मधे ठेवून गेली.

चौथी गोष्ट वायरींची, ती लगेच उरकते. लाल लालला, काळी काळीला. एका स्पीकरची उलटी लागली तर एक पडदा पुढं जाताना दुसरा मागं जातो; खर्ज नाहीसा होतो आणि गाणारा खोलीभर असतो पण कुठंच नसतो. उजव्या-डाव्याची अदलाबदल झाली तर एवढं बिघडत नाही, फक्त सतारिया आणि तबलजी जागा बदलतात.

हे सगळं जमलं का, याची परीक्षा घ्यायला महागडं काही लागत नाही. ‘गीतरामायण’ लावायचं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षभरात ५६ गीतं झाली. परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होती. ध्वनिमुद्रण एकपदरी, डावं-उजवं असं काही त्यात नाहीच. दोन्ही स्पीकरांतून तोच आवाज निघतो. स्पीकर कसेही ठेवले असतील तर तो दोन पेट्यांतून येतो. त्रिकोण जमला असेल तर पेट्या गप्प होतात आणि सुधीर फडके बरोबर मधे येऊन बसतात, मॉनिटरवर, जिथं हिशेबाचा तक्ता उघडा असतो तिथं. ते दिसत नाहीत, पण तो तक्ता आपोआप बंद होतो. स्टिरिओ म्हणजे आवाज इकडून तिकडं पळवणं अशी आपली समजूत असते. त्याचं निम्मं कौतुक खरं तर मधे काही नसताना तिथं माणूस बसवण्यात आहे.

मग एवढी वर्षं आपण काय ऐकत होतो? आकाशवाणीचं परभणी केंद्र मध्यमलहरीवर १३०५ किलोहर्ट्झला लागतं. मध्यमलहरीवर वरचे सूर साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या पुढं फारसे जातच नाहीत, आणि हातात धरायच्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर खालचेही देत नाही. तरी त्यावर ऐकलेला तबला आम्हाला तबलाच वाटला. याचं कारण कानात आहे. खालचा मूळ सूर गाळला, पण त्याच्या वरचे उपसूर ठेवले, तर मेंदू मूळ सूर स्वतःच भरून घेतो. या गोष्टीवरून १८४० च्या दशकात खुद्द आपल्या खोक्यावरच्या ओहमचं झेबेक नावाच्या दुसऱ्या जर्मनाशी चांगलंच वाजलं होतं. झेबेक म्हणे, न वाजलेला सूरही ऐकू येतो. ओहम म्हणे, जो नाही तो कसा येईल? आमच्या पिढीनं शेतातल्या आखाड्यावर, बाभळीला ट्रान्झिस्टर टांगून झेबेकची बाजू खरी करून दाखवली. निम्मं गाणं रेडिओ देत होता, निम्मं आम्ही घालत होतो.

पण मेंदूनं भरलेलं आणि खरोखर आलेलं यांत फरक असतो. तो आमच्या आईनं दाखवला. गी पॉटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर भरल्या त्या. त्यांतल्या काही जातं फिरत असताना ध्वनिमुद्रित केलेल्या आहेत आणि आता कॉम्प्युटरवर ऐकता येतात. गंगाखेडच्या जनाबाईच्या जिल्ह्यात राहून त्या ऐकायच्या नाहीत हे बरं दिसत नाही. मोबाइलवर लावल्या तेव्हा बाई ऐकू येत होती, जातं नव्हतं. दगडाचा आवाज एवढ्याशा स्पीकरला झेपतच नाही. टेबलाशी लावल्या तेव्हा जातं खोलीत आलं. आई दारात उभी होती. ओवी संपायच्या आत म्हणाली, “वैरण सरली बघ तिची. दगडावर दगड फिरायलाय. मूठ टाक म्हणावं.”

स्पीकरची याहून चांगली तपासणी मला माहीत नाही.

एवढं सगळं जुळवून आणलं तरी परभणीत गाणं ऐकायचा हंगाम ठरलेला असतो. दिवाळी ते होळी. त्यानंतर कूलर लागतो, आणि पत्र्याच्या कूलरपुढं भीमसेनांनाही हार मानावी लागते. खरं तर मे महिना आवाजासाठी चांगला पाहिजे. हवा तापली की आवाज वेगानं धावतो: हिवाळ्यात विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच अंशांवर येतो तेव्हा सेकंदाला सुमारे ३३४ मीटर, आणि मेमध्ये पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा सुमारे ३५८ मीटर. त्या महिन्यात परभणीत दुसरं कुणीच वेगानं चालत नाही. लाइट गेली की कूलर, पंखा, फ्रिज सगळं एकदम गप्प होतं. गाणं ऐकायला याहून उत्तम शांतता मिळायची नाही. फक्त गाणं नसतं.

उन्हाळ्यात आणखी एक पाहुणा येतो: घूंऽऽ असा बारीक आवाज. तो बहुतेक वेळा पन्नास हर्ट्झच्या विजेचा किंवा तिच्या भाईबंदांचा. कारणं पुष्कळ असतात, पण आमच्याकडं पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा. मीठ-कोळसा घालून पुरलेला तो खड्डा काळ्या मातीत असतो. उन्हानं माती भेगाळली की अर्थिंगही कोरडं पडतं. उपाय सोपा आहे, खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं. मात्र मेमध्ये, नळाचा वार नसताना, गाणं स्वच्छ व्हावं म्हणून अंगणातल्या खड्ड्यात पाणी ओतणाऱ्या माणसाबद्दल घरात काय बोललं जातं, ते कुठल्याही स्पीकरवर न लावलेलं बरं.

आमच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी, ती वाजवायची सुई आणि कृती सांगणारी चित्रं, एवढं सगळं दिलं आहे. स्पीकर दिलेला नाही. तो ज्याचा त्यानं आणायचा, आणि आपल्या घरात बसेल तसा ठेवायचा. पाठवणाऱ्यांनी गाण्याची बाजू पुरी केली. ऐकण्याची बाजू ऐकणाऱ्यावर सोडली.

परभणीतही तोच न्याय आहे. चांगला स्पीकर कोणता, असं मला आता लोक विचारतात. ज्याला लाइट कमी आणि लाकूड जास्त, ज्याच्या खोक्यावर वॅटचा आकडा लहान आणि खरा, तो घ्यावा; हजार-पाचशे इकडं तिकडं. त्याहून मोठा खर्च वेळेचा आहे. त्रिकोणाच्या टोकाशी खुर्ची घेऊन, हातात दुसरं काही न धरता, एक अख्खा ख्याल बसून ऐकायला ज्याला सवड नाही, त्यानं लाखाचे स्पीकर घेतले तरी ते शटरच वाजवतील. आणि घ्यायची घाईही करू नका. आज संध्याकाळी घरातले आहेत तेच स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढं ओढा, खाली दोन जाड वह्या सरकवा, आवाज निम्मा करा आणि मधोमध बसा. याला पैसे पडत नाहीत.